मानेतला बांबू

"हात लावू नका, त्याले गुदगुल्या होतात," असं बजावून काका आधी स्वतःच डायनासोरच्या पोटावर थाप मारायचे. मुलं हसायची आणि हात मागे घ्यायची. 'स्पर्श करू नये' अशी पाटी भिंतीवर होतीच, पण पाटीला कोण भीक घालतं? न दटावता शिस्त लावणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

शेगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून एका हौशी गृहस्थांनी डायनासोरचं छोटंसं संग्रहालय काढलं आहे. दर्शन करून परतणारी मंडळी मुलांच्या हट्टापायी तिथे थांबतात. मी चिखलीला शाळेत शिकवते. दर हिवाळ्यात चौथीची सहल तिथे नेते. तिथले सगळे प्राणी या काकांनी घडवले होते. ते जळगाव जामोदचे, पिढीजात गणपती आणि देवी घडवणारे. त्यांनी डायनासोर केले पुस्तकातल्या चित्रांवरून, पण कातडीच्या सुरकुत्या आणि दात असे, की लहान मुलं दारातच बिचकायची. घोटाळा होता तो फक्त डोळ्यांत. सगळ्यात क्रूर प्राण्याच्या डोळ्यांतही गोठ्यातल्या गाईची माया उतरली होती. मी त्यावरून चिडवलं तर म्हणाले, "देवाचे डोळे काढणारा हात हाय, मॅडम. त्याले रागावता येत नाई."

माणूस हट्टी मात्र एक नंबरचा. डोळे रंगवून झाल्याशिवाय मूर्तीचं तोंड कुणाला दाखवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम. उद्‌घाटनाला पाहुणे येऊन बसले, तरी लांब मानेच्या डायनासोरच्या तोंडावरचं पोतं त्यांनी काढू दिलं नाही. शेवटी मालकांनी हार पोत्यालाच घातला. दुसरा नियम असा, की मूर्तीच्या पोटात लोखंड घालायचं नाही. बांबू, गवत आणि सुतळी, बस्स. डायनासोर म्हणजे देव नव्हे, हे मालकांनी त्यांना परोपरीने सांगितलं, गजही आणून दिले. काकांनी मान डोलावली. ऐकलं बुवा एकदाचं, असं सगळ्यांना वाटलं.

दोन वर्षांपूर्वीची सहल. त्या लांब मानेखाली बसून फोटो काढायचा, हे ठरलेलं. मुलं दोन ओळींत बसली होती. मालक मोबाइल घेऊन समोर उभे, काका बाजूला. पुढच्या ओळीतल्या एका मुलीच्या केसांत पिवळसर भुसा दिसला. काकांनी तो चिमटीत घेतला, बोटांत चोळला आणि वर पाहिलं. मला काही कळेना. तेवढ्यात वरून बारीक कडकड ऐकू आली.

"मॅडम, लेकरं उठवा," ते अगदी हळू म्हणाले. "पळवू नका. मांगची पह्यले."

मालक वैतागले. फोटो निघू द्या, मग काय ते बोला, म्हणाले. तेव्हा सगळ्यांदेखत काकांनी सांगितलं, "मालक, मानीत लोखंड नाई. बांबू हाय. त्याले घुण लागला."

एवढं बोलून ते मानेखाली शिरले, वाकले आणि हमालाने पोतं घ्यावं तसा तो भार त्यांनी खांद्यांवर घेतला. मुलांना वाटलं, गंमत आहे. मी मागच्या मुलांना दंडाला धरून बाहेर काढू लागले. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर चेंगराचेंगरी झाली असती. मध्येच मान वीतभर खाली आली. काकांचे गुडघे वाकले. केसांत भुसा पडलेली ती मुलगी मदत करायला म्हणून दोन्ही हात वर करून त्यांच्याजवळ गेली.

"हात लावू नको, बाई," काका म्हणाले. "त्याले गुदगुल्या होतात."

ती हसली आणि माझ्याकडे पळत आली. सगळी मुलं अंगणात पोचली, मोजली, आणि मग लक्षात आलं की काका अजून आतच आहेत. ते हलले असते तर मान त्यांच्याच पाठीवर आली असती. मालक आणि आमच्या बसचा ड्रायव्हर मागच्या बांधकामावरची लाकडी बल्ली ओढत आले. तिचा टेकू त्यांनी मानेखाली लावला. काका कसेबसे बाहेर सरकले आणि मागोमाग बल्ली निसटून मान धाडकन खाली आली. फरशी फुटली. मुलं बसली होती नेमकी तीच.

मला काकांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटत होतं. मालक त्यांना काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. काका शेपटीजवळ भिंतीकडे तोंड करून बसले होते. संध्याकाळच्या एसटीने ते गावी गेले, ते पुन्हा कामावर आले नाहीत. आता तिथे नवी मान आहे, लोखंडाची, बाहेरच्या कारागिराने केलेली.

यंदाच्या सहलीत कळलं, काका गेले. मी जळगाव जामोदला त्यांच्या घरी गेले. काकू सांगत होत्या, की तिकडून आले तेव्हापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मोठी मूर्ती त्यांनी पुन्हा केली नाही, मांडीवर मावतील एवढेच गणपती करत बसायचे. विचारलं तर शिडीवरून पडलो म्हणायचे.

"खरंच पडले होते का, मॅडम?"

मी त्यांना सगळं सांगितलं, बांबूचंही.

"लेकरं सारी निघाली?"

"सारी निघाली, काकू."

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"मंग मले काऊन नाई सांगतलं हो?"