पायडल जड होतं तेव्हा

सिल्वासाच्या मराठी शाळेत मी रुजू झाले त्याला आता अकरा वर्षं झाली. मी मूळची कोकणातली. इथे माझ्या सहावीच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं शेजारच्या नरोलीहून येतात. त्यांचे आईवडील धुळ्या-जळगावाकडून कारखान्यांत कामाला आलेले, भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारे. मुलं घरी एक भाषा बोलतात, गल्लीत दुसरी, आणि माझ्याशी बोलताना दोन्हींत थोडं हिंदी मिसळतात.

दोन वर्षांपूर्वी वरून सूचना आली की मुलांना वीजबचत शिकवा. मी नेहमीसारखं फळ्यावर लिहून दिलं. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, पंखा बंद करा, चार्जर काढून ठेवा. घरी जाऊन प्रत्येकाने एक तरी गोष्ट करायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायची, असंही सांगितलं. मुलांनी सांगितलं. कुणी टीव्ही बंद केला होता, कुणी मोरीतला दिवा. कधीही हात वर न करणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली की सकाळची शाळा सुटल्यावर तिने दुपारभर पंखा बंद ठेवला. मी तिचं कौतुक केलं, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

आठवडा संपता संपता तिचे वडील शाळेत आले. धाग्याच्या कारखान्यात ते वायरमन होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांची रात्रपाळी चालू होती आणि दिवसा झोपले की मुलगी हळूच येऊन त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद करत होती. पत्र्याखाली, भर मे महिन्यासारख्या ऑक्टोबरच्या उन्हात. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं लाइट गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बटणापाशी पकडलं, तर ती म्हणाली, मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

मी खजील झाले. माफी मागायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. ते भांडायला आले नव्हते. माझ्या टेबलावरची एक वही त्यांनी उघडून पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरांना बंद करायला शिकवलं. पण आपण बंद काय करतो, ते कुठे माहितीये त्यांना? मी दाखवू का?"

खरं सांगायचं तर मला ते जरा लागलं. शिकवणं माझं काम. पण मी हो म्हटलं.

पुढच्या शनिवारी ते रात्रपाळी संपवून थेट शाळेतच आले. टेम्पोत एक जुनी सायकल होती. मागचं चाक अधांतरी राहील अशा लोखंडी घोडीवर ती बसवलेली, आणि त्या चाकावरून एक पट्टा भंगारातल्या एका मोटरीला जोडलेला. मोटर आपण फिरवली की ती उलट आपल्यालाच वीज देते, एवढंच त्यांनी मुलांना सांगितलं. मोटरीच्या लांबलचक वायरी एका लाकडी फळीवर आणल्या होत्या. फळीवर दोन बटणं, एकावर छोटा एलईडी दिवा, दुसऱ्यावर टेम्पोच्या हेडलाइटचा बल्ब.

सायकल वर्गात मांडून त्यांनी आपल्या मुलीलाच तिच्यावर बसवलं. चाक गरगर फिरू लागलं. त्यांनी एलईडी लावला. तो झटकन पेटला, मुलं खूश झाली. मग त्यांनी दुसरं बटण दाबलं, आणि पोरीचे पाय जागच्या जागी अडले. सायकल तीच, चाक हवेत, कुणी धरलं नव्हतं, ब्रेक लागला नव्हता. तिने खाली वाकून चाकाकडे पाहिलं. दात-ओठ खाऊन जोर लावला तेव्हा तो बल्ब कसाबसा पिवळा झाला.

"पप्पा, चढ लागला," ती म्हणाली.

वडिलांनी बटण बंद केलं. चढ संपला.

त्यानंतर प्रत्येकाला बसायचं होतं. मुलांनी आपणच एक खेळ काढला. डोळे मिटून पायडल मारायचं आणि दुसऱ्याने बटण दाबलं की ओळखायचं. एकही जण चुकला नाही. शेवटी त्यांनी मलाही बसवलं. साडीचा पदर खोचला, डोळे मिटले. पाय हलके चालले होते आणि एकाएकी पायडलमध्ये कुणीतरी वजन ओतल्यासारखं झालं. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला एका लहानशा बोटाने बटण दाबलं होतं, आणि ते माझ्या पोटऱ्यांना कळलं होतं. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता, हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा समजलं. मी उतरले तेव्हा माझ्या अंगावर काटा होता.

मुलं दमून खाली बसली होती. ती मुलगी उठून माझ्यापाशी आली. तिने मला विचारलं, "मॅडम, मग पप्पांच्या पंख्यासाठी पायडल कोण मारतं?"

मी तिला कोळशाबद्दल सांगितलं, धरणातून पडणाऱ्या पाण्याबद्दल, खाणीत उतरणाऱ्या माणसांबद्दल. हे सगळं मी आधीही शिकवलं होतं, पण त्या दिवशी वर्गात चुळबूळ नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हिशेब लावल्यासारखी म्हणाली की पप्पांचा पंखा चालू ठेवू, बाकीचं बंद करू. तिचे वडील तेव्हा पट्टा सैल करत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला.

सायकल त्यांनी शाळेलाच दिली. ती आता विज्ञानाच्या खोलीत असते. वर्गातून शेवटी निघणारं मूल आता मागे वळून बटणांकडे बघतं, तेही मी न सांगता.

सायकल चालवली त्याच शनिवारी संध्याकाळी मी एका मैत्रिणीकडे नरोलीला गेले होते. परतताना शेअर रिक्षातून नेहमीचाच रस्ता. दिवेलागणीची वेळ. दोन्ही बाजूंचे कारखाने एकेक करत उजळत होते. शेड, फाटकं, चिमण्यांवरचे लाल दिवे, मागे पत्र्याच्या चाळींतल्या खोल्या. नऊ वर्षं हे सगळं मी पाहत होते आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या पोटऱ्या अजून दुखत होत्या. एका हेडलाइटपुरत्या. मी रिक्षाच्या कडेला सरकून बसले आणि शेवटचा दिवा मागे पडेपर्यंत बाहेर बघत राहिले.