पाठमोरी बाई

१४ मार्च, गुरुवार. ऊन. नळाला पाणी बेताचे. दुपारी बाजाकडे गेले. घंटा दाबून बोट दुखले, दार उघडेना. आत दिवा होता, चपला दारात होत्या. शेवटी गॅलरीकडून खिडकीत जाऊन हात हलवला तेव्हा उठली. म्हणाली, झोप लागली होती. मांडीवर पुस्तक उघडे होते.

वहिनीच्या डायरीत त्या दिवशीचे एवढेच आहे. आधी हवा, मग घडलेले, आणि मनातले शक्यतो नाही, ही शिस्त तिला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली होती. नवरा गेल्यावरही ती सुटली नव्हती. बाजा ही तिची धाकटी नणंद. लहानपणी ती शेजाऱ्यांपासून उकळत्या किटलीपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायची, म्हणून थोरल्या भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, तिला बाजा म्हणायला सुरुवात केली. पुढे तिची साठी उलटली तरी त्या नावाने तिची पाठ सोडली नाही.

बाजाने नाटकात कामे केली ती बहुतेक दुसऱ्यांच्या जागी. कुणाचा घसा बसला, कुणाला ताप आला, की कंपनीचा मॅनेजर म्हणायचा, "बाजाला उभी करा." ती आई झाली, मुलगी झाली, एकदा तर मिशा लावून वकीलही झाली, आणि प्रेक्षकांत कुणाला संशय आला नाही. लग्नाचे राहून गेले. दौऱ्यावरून परत येईपर्यंत पाहून ठेवलेली स्थळे दुसरीकडे जमलेली असायची. सिनेमात ती नर्स असायची, नाहीतर कोर्टात साक्ष देणारी शेजारीण. एका सिनेमात मात्र ती पहिल्यापासून शेवटपर्यंत होती, पण दिसली नाही. नायिकेला भाषा येत नव्हती, म्हणून तिच्या तोंडी बाजाचा आवाज घातला. नायिकेला मोठे पारितोषिक मिळाले. बाजाने घरी येऊन चहाचे आधण ठेवले आणि भावाला म्हणाली, "दादा, आज माझा सत्कार झाला. मी बाल्कनीत बसून पाहिला."

मग बँकेच्या फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" म्हणणारी बाईही तीच झाली. भाऊ मुद्दाम बँकेला फोन लावायचा आणि रिसीव्हर वहिनीपुढे धरायचा. "बघ, सख्खी बहीण, पण कशी ताटकळत ठेवते मला." तो गेल्यावर बाजा कधीमधी स्वतःच तो नंबर फिरवायची. एके दिवशी तिकडून भलताच आवाज आला. बँकेने बाई बदलली होती.

गेली कित्येक वर्षे तिचे मोठे असे एकच काम उरले होते. एका परदेशी मालिकेतल्या आईला ती आवाज देत होती. मालिका सुरू झाली तेव्हा पडद्यावरची ती नटी पन्नाशीची होती, बाजाही. दोघी बरोबरीने म्हाताऱ्या झाल्या. बाजा तिला 'माझी बाई' म्हणायची. बोलण्याआधी बाईच्या ओठाचा डावा कोपरा आत ओढला जातो, खोटे बोलायचे असेल तर ती आधी आवंढा गिळते, हे तिला पाठ होते. जगात दुसऱ्या कुणाचे तोंड तिने इतके निरखून पाहिले नव्हते, आणि बाईच्या मात्र बाजा गावीही नव्हती.

म्हणूनच कान गेले तेव्हा काम गेले नाही. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग किटलीची शिट्टी, मग दाराची घंटा. स्टुडिओत हेडफोनमधून नुसती घरघर यायची, पण तिचे डोळे बाईच्या ओठांवर असायचे. ओठ उघडले की हिचे वाक्य सुरू, मिटले की बंद. कुणाला पत्ता लागला नव्हता, अशी तिची खात्री होती.

घंटेच्या प्रकारानंतर वहिनीने तिला समोर बसवले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

वहिनीने तोंडापुढे वर्तमानपत्र धरले आणि मागून काहीतरी विचारले. पेपर खाली केला तेव्हा बाजा तशीच बघत होती.

"काय म्हणालीस?"

"चहा हवा का म्हटलं."

"टाक अर्धा कप," बाजा म्हणाली. "आणि कळलंच आहे तर माझं एक काम कर."

मालिका संपत आली होती. शेवटच्या भागात म्हातारी आई मरणार होती. तो भाग स्टुडिओने आधी पाहायला पाठवला होता, आणि मोबाइलवर बाजाने तो तीनदा मागेपुढे करून पाहिला होता. अखेरचे सगळे बोलणे बाई खिडकीकडे तोंड करून बोलत होती. कॅमेरा तिच्या मागे. दिसत होते ते पांढरे केस आणि खुर्चीची पाठ.

"पाठ कधी बोलते ते मला कसं कळणार? एवढी वर्षं तिच्या तोंडात मी आहे. मरताना दुसरीच कुणी बोलली तर ते काही खरं नाही. तू काचेमागे बस. ती बोलायला लागली की रुमाल वर, थांबली की खाली."

"मला लबाडी जमत नाही, बाजा. माझ्या तोंडावर सगळं छापून येतं."

"तुझ्या तोंडाकडे कोण बघतंय? मी रुमालाकडे बघणार."

"आणि तो रेकॉर्डिस्ट?"

"त्याला त्याच्या बटणांतून डोकं वर काढायला फुरसत असते कुठे?"

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. भिंतींना करडे जाड कापड, खाली सतरंजी. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्ट आणि शेजारच्या स्टुलावर वहिनी, मांडीवर इस्त्रीचा पांढरा रुमाल. पलीकडे माइकसमोर बाजा. "आमच्या वहिनीला बघायची हौस," असे तिने सांगून टाकले होते.

चित्र सुरू झाले. नटीचा मूळ आवाज वहिनीच्या कानावर पहिल्यांदाच पडत होता, जाडाभरडा, दमलेला. नटीने सुस्कारा सोडला. वहिनीला वाटले, बोललीच. रुमाल वर गेला आणि बाजाने सुस्काऱ्यावरच वाक्य सुरू केले. रेकॉर्डिस्टने पुन्हा घेऊ म्हणून खुणावले. दुसऱ्या वेळी वहिनी खात्री करत बसली आणि उशीर झाला. तिसऱ्या वेळी दोघींची लय जमली. मग बाई बोलता बोलता थांबली, रुमाल खाली आला. खिडकीबाहेर रिकामा रस्ता, खुर्चीमागे उभा मुलगा, आणि कुणीच काही बोलेना. वहिनीला आपल्या नवऱ्याची शेवटची दुपार आठवली. तिने रुमाल उचलून डोळे टिपले.

रुमाल वर गेलेला बाजाने पाहिला आणि ती बोलू लागली.

रेकॉर्डिस्टने चित्र थांबवले. पाठमोरी बाई आधीही हलत नव्हती, त्यामुळे बाजाला ते कळले नाही. ती बोलतच राहिली. तो उठून आत गेला, तिच्यापुढे उभा राहिला आणि तिने हेडफोन काढेपर्यंत थांबला. मग ओठ नीट उघडत सावकाश म्हणाला, "ताई, मला गेल्या पावसाळ्यापासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"अडलं कुठे? तुम्ही बोलून गेलात की मी वाक्यं थोडी पुढेमागे सरकवतो. कुणाला कळत नाही."

बाजाने माइकचा दांडा धरला. काम जाईल याची तयारी तिने केव्हाच करून ठेवली होती. याची नव्हती. ओठांवरून आपण अचूक बोलतो, या एका गोष्टीवर ती रोज रिकाम्या घरी जाऊन शांत झोपत आली होती.

"एखादं तरी वाक्य जागेवर पडलं होतं का रे?"

तो काहीतरी सांगणार होता, पण त्याने आधी आवंढा गिळलेला तिने पाहिला. तिची नजर हटेना तेव्हा त्याने ते वाक्य सोडून दिले.

"हसणं," तो म्हणाला. "तुमचं हसणं मी कधी हलवलं नाही." या खेपेला त्याने आवंढा गिळला नव्हता.

"पडदा बंद कर."

"मग कशावर बोलणार?"

"सरकवणारा तू आहेसच. मला माझ्या बेताने बोलू दे. वहिनी, तो रुमाल पर्समध्ये टाक."

काळ्या पडद्यासमोर उभी राहून बाजा बोलली, मध्ये हवे तिथे आणि हवे तितके थांबत. शेवटी आई मुलाला म्हणते, "जाताना दार नुसतं लोटून घे. कडी लावू नकोस." तेही म्हणून झाले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचे हात मांडीवर होते. "झालं," असे तिने स्वतःच सांगितले.

निघताना तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात नवी मालिका आहे, ताई. आजीचंच काम."

"त्यांना दुसरी आजी बघ. मला सरकवलेली आजी व्हायचं नाही."

बसमध्ये वहिनीने तिच्याकडे वळून म्हटले, "आज माझ्याकडे राहा."

"नको. तुझ्याकडे आले की बोलावं लागेल. आज नाही बोलवत मला."

"मग मी येते. तुझ्या घंटेसाठी वायरमनला तसंही सांगितलंय."

"त्याच्यापुरती ये."

वायरमनचे काम झाल्यावर वहिनीने बाहेर उभे राहून बटण दाबले. बाजा दाराकडे पाठ करून खुर्चीत बसली होती. समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला. ती उठली नाही. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तिने जाऊन कडी काढली.

"कोण आलंय ते काही दिसत नाही यात."

"मीच असणार. दुसरं कोण येतं तुझ्याकडे?"

"तेच म्हणते," बाजा म्हणाली.

रात्रीच्या जेवणाआधी वहिनीने घरी येऊन तारीख घातली, हवा लिहिली, आणि खाली लिहिले: वायरमन येऊन गेला. बाजाच्या घंटेला टेबलावरचा दिवा जोडला. बल्ब जुनाच, पिवळा. लागतो.