रोह्याची चिक्की आणि माझा जळफळाट

माझी धाकटी जाऊ रूपाली तिळाची चिक्की करते. पापडासारखी पातळ, दाताखाली कुडुमकुडुम. दर संक्रांतीला तिचा डबा रोह्याहून डोंबिवलीला येतो आणि तासाभरात रिकामा होतो. माझा डबा होळीपर्यंत पुरतो. गेल्या वर्षी नवरा म्हणाला, "तुझीपण छान असते, टिकाऊ." तेव्हाच ठरवलं, पुढच्या संक्रांतीआधी रोह्याला जाऊन रूपालीचं गुपित काढायचं. सासूबाई तिच्याकडेच राहतात, त्यामुळे निमित्त शोधावं लागलं नाही.

एका शनिवारी एकटीनेच गाडी काढली. (गाडी नसेल तर दिव्याहून रोह्याची पॅसेंजर आहे.) पेणला थांबाच. पोह्याचे पापड घ्या, आणि न लाटलेल्या लाट्या मिळाल्या तर तेल लावून तिथेच खा. वडखळ मात्र सकाळी लवकर पार करा, अलिबागला जाणारे सगळे तिथेच अडकतात.

पुढे गडब गावाजवळ टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या बाईंनी विचारलं, "कुनाकडं चालल्याव?"

"जावेकडे."

"पटतं का?"

"तिचं सगळ्यांशीच पटतं."

"मग तुमचंच काय तरी हाय," त्या म्हणाल्या आणि वडापाव पुढे केला. वडापाव चांगला होता, कबूल.

नागोठण्याहून आत वळलं की भिसे खिंडीचा रस्ता लागतो. झाडी सुंदर आहे म्हणतात. मी पाहिली नाही, रूपाली काय काय लपवेल याचाच विचार करत होते. माझा संशय गुळावर होता, म्हणून डोंबिवलीहून माझा चिक्कीचा गूळ सोबत घेतला होता.

तिने काहीच लपवलं नाही. "त्यात काय गुपित, ताई? चला, आताच करू," म्हणाली. याचा मला जास्त राग आला.

माझाच गूळ तिच्या हातात दिला. तिने तीळ चटचट उडेपर्यंत भाजले. चमचाभर तुपात गूळ विरघळवला. पाकाचा थेंब पाण्यात टाकला, त्याची गोळी ताटलीवर आपटली, टण्ण वाजली. इथवर सगळं मी करते तस्संच.

मग तिने हाक मारली, "आई, झाला हां."

सासूबाई तेल लावलेलं लाटणं घेऊन ओट्याशी उभ्याच होत्या. त्यांचं माहेर पेणचं, लग्नाआधी घरोघर पोह्याचे पापड लाटायच्या. रूपालीने पाकात तीळ ढवळून कढई ओट्यावर उपडी केली, आणि ती खाली ठेवायच्या आत लाटणं फिरायला लागलं. चार हात मारले, चिक्की पसरली. मी घरी कढई ठेवून, हात पुसून लाटणं शोधेपर्यंत माझ्या चिक्कीची वीट झालेली असते.

"गरम हाय तवरच हात मारायचा," सासूबाई म्हणाल्या. "दोन बाया लागतात गो. एकटीचं काम नाय."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या हातावर जळत होते, तो निम्मा सासूबाईंचाच होता. त्या दरवर्षी आमच्याकडे येतात, आणि मी त्यांना ओट्याशी फिरकू देत नाही. "तुम्ही बसा, आई," म्हणते आणि टीव्ही लावून देते. मला तो मान वाटायचा.

"तुज्याकडं माज्या हाताला काम नाय," त्या लाटता लाटता म्हणाल्या, "म्हनून लवकर परत येते."

परतताना पेणला पापडाचं बारीक लाटणं घेतलं. आठ दिवस ते ओट्यावर नुसतं पडून होतं. मग फोन केला. "आई, संक्रांतीला इकडे या. पाक मी करते, लाटायचं तुम्ही."

त्या म्हणाल्या, "येते की. पन रूपालीची कोन लाटील?"

खरं सांगते, यंदा तिची चिक्की जाड होणार या विचाराने मला आधी बरंच वाटलं. मग म्हटलं, "तिलाही घेऊन या. पण कढई माझ्या हातात राहील."