अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

बीडहून चौसाळ्याच्या शाळेत आम्ही मास्तर मंडळी एकाच जीपनं जातो. रोजचा रस्ता, रोजचीच माणसं, त्यामुळे किस्से सीटखालच्या धुळीसारखे साचत जातात. त्यात सगळ्यात जास्त वैजनाथ सरांचे. सर गणिताचे, मी मराठीचा.

सरांना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "फळ्यावर लिहिता आलं की वर्ग तुमचाच." डॉक्टर म्हणाले, रोज डाव्या हातानं लिहा. वहिनींनी रामनाम सुचवलं.

पण डाव्या हाताला फक्त उभी रेघ जमायची. सरांनी इंग्रजी एकचा आकडा ओळीनं सात वेळा काढला. 1111111. बघत बसले आणि म्हणाले, "ही मूळ संख्या हाय का? हिला कशानंच भाग जात न्हाई का?"

झालं. रामनाम राहिलं.

*

दोन, तीन, पाच, सात. मूळ संख्या घेऊन एकेकीनं भागाकार सुरू. आकडे म्हणजे नुसत्या वेलांट्या. वहिनी वैतागल्या. "कावून जिवाला तरास? मोबाईलवर बघा की."

"मोबाईलला लकवा झालेला न्हाई."

*

भेटायला गेलो तर सर खुशीत. तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस, कशानंही भागलं तरी बाकी एकच. म्हणाले, "सहा एकांची संख्या असली तर या पाचांनी पूर्ण भाग जातो. सातवा आला की एक उरतो."

आमचा जीपवाला बाबूभाई दारात उभा होता. "आमच्यात बी तसंच हाय सर. सहा नीट बसतेत. सातवा लटकतो."

*

इतिहासाचे देशमुख सर कंटाळून म्हणाले, "दोनशेपर्यंत आलात. मूळच असंल, असं वाटतं. सोडा आता."

"वाटतं आन् हाय, यांच्या मधात भागाकार असतो," वैजनाथ सर म्हणाले.

*

एकदा सकाळी जीपमध्ये असताना त्यांच्या घरून फोन. वहिनींचा नंबर. पलीकडून रडवेला, जड आवाज, "गेला."

मी विचारलं, "कोण गेला?"

"भाग गेला. दोनशे एकोणचाळीसनं. बाकी शून्य."

मी मांजरसुंब्याला जीप थांबवून चहा सांगितला. देशमुख सरांनी पैसे न मागता दिले, हे त्यांच्या बाबतीत लई झालं.

*

सर वर्गात आले त्या दिवशी मुख्याध्यापक दारात उभे. सरांनी डाव्या हातानं खडू धरला आणि लिहिलं, 1111111 = 239 × 4649. आकडे उताराला लागले होते, पण वाचता येत होते. मुख्याध्यापक वेळापत्रकात सरांचं नाव घालायला ऑफिसकडे गेले.

मागच्या बाकावरची धनगराची रुक्मिणी उठली. "सर, त्ये चार हजार सहाशे एकोणपन्नास मूळ हाय का?"

सरांनी फळ्याची एक बाजू पुसली.

"सांगनार न्हाई," ते म्हणाले. "हिकडं ये. खडू घे. दोनपासून सुरू कर."