पाण्यातली माटोळी

पेडण्यातले आमचे शेजारी मणक्याच्या संधिवाताचं इंजेक्शन आमच्या फ्रीजमध्ये ठेवतात. टोचायच्या दिवशी येऊन ते मुठीत धरून बसतात. "थंड टोचल्यार झोंबता," म्हणतात. इंजेक्शनाने दुखणं हटलं, पण आखडलेली मान तशीच राहिली.

चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी वाडीत तेच बांधायचे. यंदा त्यांच्या घरची मी बांधली. त्यांना वर बघता येईना, म्हणून त्यांनी पाण्याने भरलेलं ताट खाली ठेवायला लावलं आणि त्यात वाकून पाहिलं.

"सुपारीचो घोस वाकडो बांधलंस," म्हणाले, आणि सवयीने तो सरळ करायला हात घातला. पाणी हललं, अख्खी माटोळी विस्कटली.

मी मान वर करून पाहिलं. घोस खरंच वाकडा होता.