तिच्या घाऱ्या डोळ्यांचा तपास

आम्ही दोघांनी शेवटचा एकत्र घेतला तो चहा. अर्धा कप मी प्यायलो, उरलेला तिने त्याच कपातून संपवला. लग्नापासून हीच रीत, माझं उष्टं तिला टाकवायचं नाही. मग लगेच पदर आडवा धरून ती एका नळीत थुंकली. "अहो, तिकडे बघा ना," म्हणाली. नवऱ्यासमोर थुंकायची लाज.

नळी इथल्या, जर्मनीतल्या विद्यापीठातल्या एका जर्मन बाईची. बायकोच्या माहेराजवळ, कोकणकिनाऱ्याला, पोर्तुगीजांची जुनी वसाहत होती म्हणे. आता तिथे नारळी. माणसं कुठे गेली ते ही बाई लाळेवरून आणि वंशावळींवरून शोधते. आमच्या वंशावळीत नुसते बाप्ये. हिच्या आईची आई कोण, कोणी लिहिलंय? म्हणून लाळ.

हिचे डोळे घारे, म्हणून माझ्या आईने स्वतः मरेपर्यंत हिला 'फिरंगीण' म्हटलं. "आहे की नाही, एकदाचं कळू दे," एवढंच हिचं मागणं होतं.

त्याच आठवड्यात ती गेली. हृदय थांबलं.

पुढे ती बाई इथे लुडविग्सहाफेनला, आमच्या घरी आली. मुलगा दुभाष्या. नळीत दोघांची लाळ निघाली, एक पुरुषाची. थुंकण्याआधी अर्धा तास काही प्यायचं नव्हतं, आणि हिने तर माझा उष्टा चहा घेतलेला. मेलेल्या माणसाची पुन्हा कुठून आणणार? बाई मुलाला म्हणाली, आईकडून आलेलं मुलातही असतं, तुम्ही द्या.

मुलगा म्हणाला, "नाईन." म्हणजे नाही.

बाई गेल्यावर मी विचारलं, तर म्हणतो, "बाबा, माझा डेटा मी कुणाला देणार नाही. आणि काही निघालंच, तर गावाकडे लोक काय म्हणतील?"

"पासपोर्ट जर्मन घेतलास तेव्हा गावाला विचारलं होतंस?"

"ते वेगळं."

"हो. तेव्हा फायदा तुझा होता."

दार आपटून तो वर गेला. रसायनं शिकलाय. आईची एवढीशी गोष्ट त्याला जड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावी मेहुणीला फोन लावला. हिची सख्खी धाकटी बहीण. सगळं सांगितलं.

"आता आठवण आली होय, भाऊजी? ताई होती तेव्हा एक फोन नाही."

"बोल, काय बोलायचंय ते बोल. पण लाळ दे. तुमची आई एकच."

तिने आधी अंगणातले कावळे हाकलले.

"माझेही डोळे घारेच आहेत," ती म्हणाली. "मलाही सासरी तेच म्हणायचे. कुणी विचारलं नाही कधी."

"मी विचारतोय."

"उपकार नका करू. नळी कधी पाठवताय ते सांगा."