आबांच्या दारातली घागर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो, "तू स्वतः पाहिलंस का?" बहुतेकांची गाडी तिथंच अडते. मास्तरकी केली ती फिजिक्सची, त्यामुळे खोड जास्तच. आता माझ्यावरच हा प्रश्न उलटणार आहे, आणि माझं उत्तर असं… पाहिलं काहीच नाही. तरीही सांगतो.

कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, त्या सालचा उन्हाळा. आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो. मी कॉलेजात सायन्सला होतो, म्हणजे शहाणपणा ओसंडून चालला होता. आजोबा — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — अंथरुणाला खिळले होते. तरणेपणी ते इंग्रजांच्या फौजेत होते आणि ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले होते. तिथला राजा कैद करून रत्नागिरीला आणून ठेवला, एवढंच ते सांगायचे. हिंडतेफिरते होते तेव्हा पुढं विचारलं की उठून जायचे.

चमच्यानं दूध, पेज घ्यायचे, पण पाणी पुढं केलं की ओठ मिटायचे. डॉक्टरांनी घसा तपासला. दोष काही नव्हता. जीभ कोरडी पडायची, नजर तांब्यावर असायची, आणि तरी घोट घेत नव्हते. म्हातारा पाण्यावाचून गेला तर काय, या धास्तीनं आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. वडिलांनी हात जोडले, तरी नाही.

शेवटी एका दुपारी आईनं सरळ विचारलं, "मामंजी, पाण्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

आबा दाराकडं बघत म्हणाले, "ती उभी हाईत की दारात. आदी त्यास्नी द्या."

मग तुटक तुटक बोलत राहिले. राजा धरला तरी गावं लढतच होती. एका गावानं बंडवाल्यांना आसरा दिला, म्हणून पलटणीनं गाव जाळलं. विहीर एकच होती. बंडवाले हवाली करेपर्यंत कुणाला पाणी द्यायचं नाही, असा साहेबाचा हुकूम होता. विहिरीवर बंदूक घेऊन पहाऱ्याला आबा.

"एक बाई लेकरू घिऊन म्होरं बसली हुती," ते म्हणाले. "दुसऱ्या दिशी लेकरू हलत न्हवतं. मी हुकूम पाळला."

मला रडू आलं, आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना. आई मात्र उठली. पितळेची घागर मला भरायला लावली, उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर ठेवली. शेजारी तांब्या आणि ताटलीत गुळाचे खडे. मग डोक्यावर पदर घेऊन ती रिकाम्या गल्लीला मोठ्यानं म्हणाली, "या पावणं. लई लांबनं आलाय. पानी घ्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी काय म्हणतील! मी पुस्तक घेऊन दाराशीच बसलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आबांची नजर पायरीवरून हलेना. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. बऱ्याच वेळानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लेकराला आदी पाजलं बाईनं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "सूनबाई, आता मला दे."

आई पाणी घ्यायला पायरीवर गेली आणि थबकली. मी पाहायला गेलो. घागर रिकामी होती. तांब्या ओला होता, आणि पायरी ठणठणीत कोरडी.

आईनं आतल्या माठातलं पाणी आणलं. आबा ते घटाघट प्याले. दिवेलागणीला, वडील कचेरीतून आल्यावर, त्यांच्या मांडीवर आबा शांतपणे गेले.

आबांचं दिवसकार्य झाल्यावर मी ती घागर भरून त्याच पायरीवर उन्हात ठेवली. थेंब गळला नाही. उन्हानं पाणी आटलं म्हणावं, तर एवढं? कुणी येऊन प्यालं म्हणावं, तर दाराशी मीच बसलो होतो. माझं सगळं सायन्स त्या पायरीवर संपतं.

पण मला छळत होतं ते वेगळंच. आबांना त्या माणसांनी माफ केलं असेल का? एकदा आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"तू बघितलं न्हाईस व्हय? ताटलीतल्या गुळाला कुणी हात लावला न्हवता," ती म्हणाली. "तहानलेलं माणूस वैऱ्याच्या दारचं पानीबी पितंय. गूळ न्हाय खात."

घागरीतलं पाणी कुठं गेलं, ते मला आजही सांगता येत नाही. गूळ का राहिला, तेवढं मात्र समजतं.